वांगं तुमचं, पूर आमचा

पंडित सरांना मी नगराध्यक्ष करून दाखवणार होतो. एकट्याने! आईला तसं सांगितलं तेव्हा ती पिठाच्या गिरणीच्या दगडाला टाकी मारत बसली होती. तिने हातोडी थांबवली नाही.

"बारावी दोनदा करून दाखवलीस, तेवढं पुरे झालं," ती म्हणाली.

आमचं गाव चाळीसगावहून एरंडोलकडे येताना लागतं. नाव सांगत नाही. पुढचं वाचून तुम्ही ओळखालच, पण निदान मी सांगितलं नाही एवढं तरी मला चारचौघांत म्हणता येईल. गावातून काळखडी नावाचा नाला जातो. वर्षातले अकरा महिने त्यात पाणी सोडून सगळं असतं. उरलेल्या एका महिन्यात पाणी येतं आणि ते थेट आमच्या गिरणीत येतं. आमची खालची आळी नाल्याला खेटून आहे. पुढे बाजाररस्ता आडवा येतो आणि रस्त्याखाली मोरी आहे. मोरी म्हणजे काय, दोन सिमेंटचे पाईप! पाईप एवढे अरुंद की पाण्याला त्यातून अंग चोरून जावं लागतं. थोडा वेळ ते जातं, मग कंटाळतं, मागे फिरतं आणि आमच्या उंबऱ्यावर येऊन बसतं.

यंदा सप्टेंबरात ते गुडघाभर बसलं. चार पोती दळण भिजलं. आळीत इतकी खळ झाली की पुरेसे कागद असते तर आम्ही अख्खं गाव चिकटवून दिलं असतं. गिरणीची मोटर जळाली. आईने ती दुरुस्त करून आणली, दगड पुन्हा बसवले आणि मला समोर उभं केलं.

"प्रशील, आणखी एकदा पाणी आत आलं ना, तर ही गिरणी टेम्पोत घालायची आणि पिंपळनेरला तुझ्या मामाकडे जायचं. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी."

वडील गेल्यापासून बारा वर्षं आईने ती गिरणी एकटीने चालवलीय. आई धमकी देत नाही, नोटीस देते. आणि पिंपळनेरचा मामा पहाटे चारला उठतो. स्वतः उठतो याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तो इतरांनाही उठवतो! म्हणजे ती मोरी रुंद होणं हा गावाच्या दृष्टीने विकासाचा प्रश्न होता, आईच्या दृष्टीने गिरणीचा आणि माझ्या दृष्टीने झोपेचा.

अशा वेळी पंडित सर नगराध्यक्षपदाला उभे राहिले. अपक्ष! सरांनी बत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. गावातल्या अर्ध्या लोकांना मान्सून कुठून येतो हे सरांमुळे कळलं आणि उरलेल्या अर्ध्यांना छडी कुठून येते हे. निवडणुकीत त्यांना निशाणी मिळाली बादली. दरवर्षी बुडणाऱ्या गावात बादली! सरांना त्यात काही विनोद दिसला नाही. सरांना विनोद कधीच दिसत नाही. तो त्यांच्यासोबत चालत असतो, पण त्यांची ओळख झालेली नाही.

सरांचं म्हणणं एकच होतं. "पाणी वरून येतं, पूर खालून येतो. पाणी निसर्ग पाठवतो, त्याचा पूर आपण करतो!"

समोर उभे होते अभिमनभाऊ. पुराबद्दल भाऊंचेही विचार होते. पूर ही दैवी आपत्ती आहे, तिच्यापुढे खुद्द अभिमनभाऊंचंही काही चालत नाही. मात्र पूर आल्यावर ते बिस्किटांचे पुडे वाटतात. पुड्यावर भाऊंचा फोटो असतो. सप्टेंबरात आम्ही चार दिवस भाऊंचा फोटो फाडून जेवलो होतो.

सरांचा प्रचार म्हणजे प्रात्यक्षिक. एक मोठी परात, त्यात मातीचा बांध, बांधात पपईच्या दांड्यांचे दोन पाईप. सर परातीत तांब्याने पाणी ओतायचे, पाणी दांड्यांतून निघून जायचं. मग एका दांडीत थर्माकोलचा तुकडा कोंबायचे आणि पुन्हा ओतायचे. पाणी परातीबाहेर!

"काय समजलं?" सर विचारायचे.

"मना पाय वल्ला करी टाका तुम्ही!" आमच्या शेजारच्या बेबाबाई पाय झटकत म्हणाल्या.

"बरोबर! आणि तो कुणी ओला केला?"

"तुम्ही!"

"म्हणजे माणसाने!" सर आनंदाने म्हणाले.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. या प्रात्यक्षिकातून लोक नेमकं काय शिकतायत, याची.

आठ दिवस आम्ही परात घेऊन फिरलो. लोक पाय वर घेऊन बसायला शिकले, मत मात्र हलेना. मग मी माझी योजना काढली.

"सर, लोकांना परात नको. भरीत द्या!"

डिसेंबरचे दिवस. बामणोदची हिरवी वांगी बाजारात आलेली. या दिवसांत आमच्याकडे माणूस एकमेकांना कसा आहेस विचारत नाही, भरीत कधी आहे विचारतो. मळ्यात, मैदानात, जिथे कपाशीच्या दोन पऱ्हाट्या पेटवता येतील तिथे भरीत-पार्टी.

"मतदाराला फुकट जेवू घालणं म्हणजे लाच," सर म्हणाले.

"सर, भरीत आहे!"

"मग भरिताची लाच."

दोन तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपापलं वांगं घेऊन यायचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं मूठभर पीठ आणायचं, आचारी गिरधरनाना भाजून, कुटून देतील. सगळे मिळून करणार आणि सगळे मिळून खाणार. कुणी कुणाचा मिंधा नाही. मी घोषणाही काढली. 'वांगं तुमचं, भरीत आपलं!' पीठ दळायला लोक आईकडे रांगेने यायला लागले.

"सरांचं काम आहे गं, फुकट दळून दे," मी म्हणालो.

"लाच ठरेल," आई म्हणाली आणि पैसे डब्यात टाकले.

राहिली पत्रावळ. सरांनी सप्टेंबरात मोरीतून स्वतः थर्माकोलच्या ताटल्या मोजून काढल्या होत्या, त्यामुळे थर्माकोलचं नाव काढायची सोय नव्हती. रावेरकडचा त्यांचा एक जुना विद्यार्थी केळीवाला. त्याने टेम्पो भरून केळीची पानं पाठवायचं कबूल केलं. दोन हजार पानं!

"केळीचं पान मातीतून येतं आणि मातीत जातं. त्याचा कचरा होत नाही," सर म्हणाले. "मैदानाच्या कोपऱ्यात दहा फुटांचा खड्डा घ्यायचा, उष्टी पानं त्यात, वर माती. मार्चपर्यंत खत! ते खालच्या आळीतल्या परसबागांना वाटायचं. गाव आपलं आपण टिकवायचं असतं, प्रशील. खड्डा कोण बघेल?"

"मी! झालाच समजा, सर!"

'झालाच समजा.' आमच्या गावातल्या सगळ्या न झालेल्या गोष्टींवर हीच पाटी लावलेली आहे. बसस्थानक, वाचनालय, रुंद मोरी.

शनिवारी सकाळी मी जेसीबीवाल्या ललितला फोन लावला. गावातले तिन्ही जेसीबी त्याचेच.

"ललितभाऊ, एक खड्डा करायचाय. तासाभराचं काम."

"खड्डा? आज? जमणार नाही. बकेटात झेंडू भरलाय."

"काय भरलाय?"

"झेंडू! आज अन् उद्या अभिमनभाऊंची मिरवणूक आहे ना. तिन्ही जेसीबीतून फुलं उधळायचीयत."

"एका बकेटातला काढून ठेवा ना थोडा वेळ."

"अरे, दीड क्विंटल आहे! अन् खड्ड्यात घातलेलं बकेट पुन्हा फुलांना लावायचं? भाऊंच्या डोक्यावर चिखल पडला तर माझं काय होईल?"

जेसीबीचा मूळ उपयोग खणणं आहे, हे ऐन निवडणुकीत सांगणाऱ्याला माणसं वेड्यात काढतात. मी फावडं घेतलं आणि स्वतः मैदानात गेलो. मैदानाची जमीन अशी, की पंचवीस वर्षं शाळेच्या पोरांनी तिच्यावर कवायत केलेली. तासाभराने माझ्या तळहाताला चार फोड आले आणि जो खड्डा झाला त्यात माझ्या दोन्ही चपला अगदी व्यवस्थित मावल्या.

सायंकाळी सरांनी विचारलं, "खड्डा झाला का रे?"

"चालू आहे, सर."

यात खोटं काहीच नव्हतं. सुरू झालेला होताच.

रविवारी दुपारी मैदानात माणूस मावेना! हातात वांगं नाही असा माणूस शोधून सापडत नव्हता. काहींनी पिशवीतून आणली, काहींनी खिशातून, बेबाबाईंनी ओच्यातून सात काढली. एकीकडे पऱ्हाट्यांच्या धुरात वांगी फटाफट फुटत होती, दुसरीकडे गिरधरनाना आणि त्यांची माणसं लाकडी बडग्यांनी ती कुटत होती. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, वरून शेंगदाणे. कळण्याच्या पुऱ्या फुगत होत्या. अभिमनभाऊंची मिरवणूक मैदानावरून गेली आणि मैदानाच्या पुढे गेली तेव्हा तिच्यात तीन जेसीबी, एक बँड आणि खुद्द भाऊ, एवढेच उरले होते.

तेवढ्यात निवडणुकीचं भरारी पथक आलं. कॅमेरा घेऊन! साहेबांनी दरडावून विचारलं, "ही वांगी कुणाची?"

"माझं!" म्हणून सतराशे माणसांनी आपापलं वांगं वर केलं. ज्यांचं कुटून झालं होतं त्यांनी पान वर केलं. साहेबांनी सगळं चित्रित केलं, गुन्हा कुठे सापडेना, आणि धूर तर थेट नाकात जात होता. शेवटी ते हळूच म्हणाले, "एखादं पान मिळेल का?"

"वांगं आणलंय?" सरांनी विचारलं.

साहेब कोपऱ्यावरच्या गाडीवरून पाव किलो वांगी घेऊन आले आणि रांगेत उभे राहिले. त्या क्षणी मला खात्री पटली की सर नगराध्यक्ष झाले! आई दुसऱ्या टोकाला पुऱ्या लाटत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि चक्क मान डोलावली. बारा वर्षांत दुसऱ्यांदा!

मग सरांचं भाषण झालं. पुराबद्दलचं सगळं म्हणणं त्यांनी मांडलं. मोरी रुंद करायची, नाल्याचा गाळ काढायचा, पाणी अडवायचं कुठे आणि जाऊ द्यायचं कुठे. शेवटी त्यांनी एक उष्टं पान उचलून धरलं.

"या पानाचा कचरा होत नाही!"

टाळ्या! सतराशे माणसं, हाताला तेल, तरीही टाळ्या. एवढ्या टाळ्या ज्या वाक्याला पडल्या ते वाक्य दुसऱ्या दिवशी काय करणार आहे, हे माणसाला टाळ्यांच्या वेळी कळत नाही.

लोक पांगले. मैदानात दोन हजार पानांचा डोंगर उरला. गिरधरनाना कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले.

"खड्डा कथा शे?"

मी दाखवला. नानांनी वाकून पाहिलं.

"ह्यामा एक वांगं बी मावाव नही, भाऊ."

"नाना, तात्पुरतं..." मी इकडेतिकडे पाहिलं. मैदानाला लागूनच नाला. दहा फूट खोल, कोरडा ठणठणीत, कुणीतरी फुकट खणून ठेवलेला! "तात्पुरतं नाल्यात ठेवा. आता डिसेंबरात कुठलं पाणी? मिरवणूक संपली की उद्या जेसीबी आणतो, पानं उचलतो, खड्डा करतो. झालंच समजा!"

नानांनी डोकं खाजवलं. "सरसनी सांगं ना, पानना कचरा होत नही."

"मग झालं तर!"

दोन हजार पानं नाल्यात गेली. मी घरी गेलो आणि विजयी उमेदवाराचा प्रमुख कार्यकर्ता झोपतो तसा झोपलो.

आता एक गोष्ट मला माहीत नव्हती. खालच्या आळीतल्या विहिरी उन्हाळ्यात आटतात, म्हणून सर तीन वर्षं अर्ज करत होते. रब्बीला धरणाचं पाणी कालव्यात सोडतात, तेव्हा त्यातलं थोडं काळखडीत सोडावं, म्हणजे नाल्याकाठी पाणी जिरेल आणि विहिरींना टिकेल. एकेचाळीस अर्ज! एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं, नकारसुद्धा नाही. सरांचा विचार चांगलाच होता. सरांचे सगळेच विचार चांगले. त्यांच्या वाटेत मी उभा असतो, एवढंच.

सोमवारी सकाळी साडेआठला स्वच्छ ऊन पडलं होतं. आई गिरणीत बाजरीचं दळण टाकत होती. तेवढ्यात बाहेर बेबाबाईंचा आवाज आला.

"पाणी उनं! माय वं, पाणी उनं!"

"नळाला?" मी आतूनच विचारलं.

"नाल्याले!"

आळीतली सगळी माणसं बाहेर आली आणि वर बघायला लागली. आभाळात ढगाचं नाव नाही! कुणी म्हणालं, तिकडे डोंगरात झाला असेल. कुणी हात पुढे करून थेंब पडतोय का बघितलं. सगळी आळी वर बघत होती आणि पाणी खालून येत होतं. सर बत्तीस वर्षं हेच शिकवत होते.

पाणी तसं थोडकंच होतं. मोकळ्या नाल्यातून ते शहाण्यासारखं निघून गेलं असतं. पण ते पानांपाशी आलं. पानांना आयुष्यात पहिल्यांदाच पोहायला मिळालं. ती ओळीने निघाली, मोरीपाशी गेली आणि एकावर एक, एकावर एक अशी पाईपांच्या तोंडावर चिकटली. लोणच्याच्या बरणीला आई फडकं बांधते, इतकी घट्ट! पाण्याने दहा मिनिटं वाट पाहिली आणि ते ओळखीच्या घराकडे वळलं.

मी आजवर बरेच पूर पाहिलेत, पण लसणाचा वास येणारा हा पहिलाच! वांग्यांची देठं छोट्या होड्यांसारखी आळीत शिरली. आई पोती टाकून उंबरा अडवत होती. मी बादलीने पाणी बाहेर फेकत होतो. आम्ही दोघांनी दळण वर फळीवर चढवलं, पण मोटर जमिनीत बोल्ट मारून बसवलेली. ती बसल्या जागी बुडाली. एकदा 'घर्रर्र' म्हणाली आणि गप्प झाली. त्यानंतर एक केळीचं पान उंबऱ्यावरून तरंगत आत आलं आणि दगडापाशी येऊन थांबलं.

आईने ते उचललं. त्याला भरीत लागलेलं होतं.

"हे काय आहे?"

"पान."

"कशाचं?"

"केळीचं."

"ते मलाही दिसतंय, प्रशील."

तिने पान उंबऱ्याबाहेर फेकलं. मला वाटतं, ती मनातल्या मनात टेम्पो भरत होती.

पंधरा मिनिटांत अभिमनभाऊ हजर! बिस्किटांसकट! सप्टेंबरातले पुडे शिल्लक होते. लोकांचे मोबाइल निघाले. 'पूरमुक्तीच्या उमेदवाराने आणला पूर!' ही बातमी पाण्याआधी गावभर पोचली. वरच्या आळीतले लोक घरच्या बादल्या घेऊन बघायला आले. "सरांची निशाणी आणलीय," म्हणाले.

आणि मग सर आले. हातात एक कागद फडकवत, धावत! सरांना मी आयुष्यात धावताना पाहिलेलं नव्हतं. पाण्यात पोटऱ्यांपर्यंत शिरले तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"प्रशील! मंजूर झाला! एकेचाळिसावा अर्ज! पाणी सोडलं रे त्यांनी! विहिरींना आता..."

एक पान त्यांच्या पायाला येऊन चिकटलं. सरांनी ते सोडवलं. मोरीकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दहावीत मी नकाशात गिरणा नदी उलटी वाहवली होती, तेव्हा पाहिलं होतं तसं.

"खड्डा कुठे होता रे?"

"सर, जेसीबीत झेंडू होता..."

सरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आमच्या गिरणीच्या ओट्यावर चढले. समोर अख्खं गाव.

"ही चूक माझी आहे," ते म्हणाले. "पानाचा कचरा होत नाही असं मी म्हणालो. योग्य जागी गेलं तर, हे म्हणायचं राहिलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सांगून टाकावं, खड्डा मी केला नाही, पानं मी टाकायला लावली, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात अभिमनभाऊंनी त्यात बिस्कीट घातलं.

"खा, पोरा. पूरग्रस्त ना तू!" मग गर्दीकडे वळून म्हणाले, "सर म्हणायचे, पूर माणूस करतो. मी मानत नव्हतो. आज मानलं!"

गर्दी इतकी हसली की पाण्यावर लाटा उठल्या. कालव्याचं पाणी बंद करा म्हणून सरांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. पहिल्याला तीन वर्षं लागली होती.

मग राहिला एकच उपाय. सर, गिरधरनाना आणि मी मोरीत उतरलो. हातात दाताळी. सोमवारचा पूर्ण दिवस पानं ओढली. मंगळवारी मतदान होतं. सकाळी सरांनी बुडलेली गिरणी पाहिली आणि म्हणाले, "आधी पाणी, मग मत." पुन्हा उतरलो. पानांखालून सप्टेंबरातल्या थर्माकोलच्या ताटल्या निघाल्या, एक शाळेचं दप्तर निघालं, एक उशी निघाली आणि सगळ्यात तळाशी पाईपात गुंडाळून बसलेला एक मोठा फलक. नानांनी तो उलगडला. मागच्या निवडणुकीचा होता. त्यावर अभिमनभाऊ हात जोडून उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'ध्यास पूरमुक्त शहराचा.'

फलक निघाला आणि आत काहीतरी 'भळ्ळ' झालं. पाणी गेलं! दोन्ही पाईपांतून, सरळ, जोरात! खालच्या आळीतून पाणी उतरताना दिसत होतं. मी जन्मात पहिल्यांदा त्या मोरीतून पाणी असं मोकळं जाताना पाहिलं. सर चिखलात उभे राहून हसले. "पाहिलंस? माझं म्हणणं चूक नव्हतं!"

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेसहा. मतदान साडेपाचला संपलेलं! सरांच्या बोटाला शाई नव्हती, माझ्याही नव्हती. सर स्वतःला मत द्यायला विसरले होते.

दुसऱ्या दिवशी निकाल. सर चार हजार बारा मतांनी पडले. आमची दोन मतं पडली असती तर चार हजार दहाने पडले असते. आमच्या आळीच्या केंद्रावर त्यांना नऊ मतं होती.

"एक माझं," आई म्हणाली. ती मोटरीचे बोल्ट काढत होती.

"त्यांच्यामुळे गिरणी बुडाली, तरी?"

"त्यांच्यामुळे?" आईने पाना खाली ठेवला. "रविवारी मी मैदानातच होते, प्रशील. नानांना नाला दाखवणारा हात कुणाचा होता ते लांबूनही दिसतं. बारा वर्षं तो हात मी दळणाच्या पैशांच्या डब्यात बघतेय."

मला वाटलं, आता पिंपळनेर. पण पाणी उतरलं होतं, मोरी वाहत होती, त्यामुळे आईच्या आवाजात थोडी जागा होती. तेवढ्यात बँड ऐकू आला.

अभिमनभाऊंची विजयी मिरवणूक! नेमकी बाजाररस्त्यावर, मोरीच्या बरोबर वर थांबली. तिन्ही जेसीबींनी बकेटं उचलली आणि साडेचार क्विंटल झेंडू, वर चमकीचे कागद, असं सगळं आभाळातून कोसळलं. थोडंफार भाऊंवर पडलं. उरलेलं खाली नाल्यात. कालवा अजून चालूच होता. तासाभरात आमच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं. भगवं, सुगंधी, मंगल पाणी!

आईने ते पाहिलं. आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

"टेम्पो बोलव."

मी ललितला फोन लावला. टेम्पोही त्याचेच.

"टेम्पो? सगळे मिरवणुकीत आहेत."

"उद्या?"

"उद्या आभाराची मिरवणूक."

"परवा?"

"परवा भाऊ खुर्चीवर बसतायत ना!"

आईने पिशवी खुंटीला अडकवली. म्हणून आम्ही अजून इथेच आहोत, तात्पुरते. गिरणी आता चार फूट उंच ओट्यावर बसवलीय. उंची सरांनी मोजून दिली. दळण टाकायला बायका शिडीने चढतात आणि बेबाबाई वर गेल्या की मला नाव घेऊन शिव्या देतात.

नव्या नगराध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात पूर रोखण्यासाठी ठोस पाऊल उचललं. गावात केळीच्या पानावर बंदी! त्याऐवजी भाऊंकडून लग्नाकार्यांना चकचकीत ताटल्या मोफत. ताटलीच्या तळाला भाऊंचा फोटो. वरण संपलं की भाऊ हसताना दिसतात. लग्नसराई जोरात आहे. त्यामुळे रोज सकाळी सर आणि मी दाताळी घेऊन मोरीत उतरतो आणि पाईपातून पंधरा-वीस अभिमनभाऊ बाहेर काढतो. काठावर त्यांचा चांगलाच ढीग झालाय. काल सरांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"खड्डा झाला का रे?"

"चालू आहे, सर."